वरचा बेल्ट खालच्या बेल्टचे काय देणे लागतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : मार्शल आर्ट्सच्या क्लासमधील सीनियर-ज्युनियर आदर

कराटे, ज्युदो, तायक्वांदो यांच्या क्लासची जाहिरात ‘शिस्त’ आणि ‘आदर’ या दोन शब्दांशिवाय सहसा पुरी होत नाही. पालकही या शब्दांकडे पाहूनच मुलांची नावे घालतात. पण वर्गात हा आदर शिकवला जातो तो बहुतेक वेळा एकाच दिशेने. नवख्याच्या पांढऱ्या बेल्टने हिरव्याला वाकायचे, हिरव्याने तपकिरीला, तपकिरीने काळ्याला. वरून खाली काय यायला हवे, याची ना भिंतीवर पाटी असते ना परीक्षेत त्याला गुण. वेगवेगळ्या तयारीची दोन माणसे एकमेकांना फेकतात, सांधे आवळतात, चेहऱ्याच्या रोखाने ठोसे मारतात, आणि तरीही दुसऱ्या दिवशी दोघे धडधाकट सरावाला यावेत अशी अपेक्षा असते. ती पुरी होण्यासाठी जे काही पाळावे लागते, त्याला या विद्येत आदर म्हणतात. त्यातला मोठा वाटा सीनियरच्या डोक्यावर असतो, हे ठामपणे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. रंगीत बेल्टची उतरंड शेकडो वर्षांची आहे असे मुलांना सांगितले जाते आणि मग तिच्याबद्दल प्रश्न विचारणे हाच परंपरेचा अपमान ठरतो. जिगोरो कानो यांनी कोदोकान ज्युदो सुरू केले १८८२ मध्ये. ‘गो’ या पटावरच्या खेळात चालणारी ‘दान’ (दर्जाची पायरी) पद्धत उचलून त्यांनी पहिल्या दोन शिष्यांना पहिली दान दिली १८८३ मध्ये. काळा बेल्ट त्यानंतर काही वर्षांनी आला. कराटेत गिचिन फुनाकोशी यांनी पहिल्या दान दिल्या १९२४ मध्ये. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा ही रांग तर दोन महायुद्धांच्या मधल्या काळात युरोपातल्या ज्युदो क्लबांत रुजली. केंडोत, म्हणजे जपानी तलवारबाजीच्या आजच्या रूपात, आजही अंगावर दर्जाची खूण नसते. आठव्या दानच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान ४६ वर्षे वय आणि सातव्या दाननंतर १० वर्षांचा सराव लागतो, पण ती मिळवलेला माणूस आणि पहिली दानवाला, दोघांचा पोशाख सारखाच. तरीही सीनियर-ज्युनियर मर्यादा केंडोइतक्या काटेकोरपणे फार थोड्या ठिकाणी पाळल्या जातात.

तेव्हा आदर रंगातून येत नाही. रंगाचा उपयोग रोजच्या कामापुरता आहे: समोरच्याला कोणते पडणे येते, कोणते येत नाही, त्याच्यावर किती वेगाने जाता येईल, हे न विचारता कळते. पिवळा बेल्ट दिसला की वरच्याने आपला हात आखडता घ्यायचा, एवढी ती सूचना असते. दुर्दैवाने ती उलटी वाचली जाते.

नमस्काराचेच पाहू. उभ्याने करायच्या नमस्कारात टाचा जुळलेल्या, हात मांड्यांच्या बाजूंवरून पुढे सरकलेले, पाठ सरळ, कंबरेतून साधारण ३० अंश वाकणे आणि एका श्वासाचा अवकाश. बसून करायचा असेल तर ज्युदोत आणि इतर बऱ्याच जपानी पद्धतींत आधी डावा गुडघा टेकतो आणि उठताना उजवा पाय आधी पुढे येतो. वर्ग सुरू होताना व संपताना तीन नमस्कार होतात: दर्शनी भिंतीला, शिक्षकांना आणि शेवटी एकमेकांना. हा तिसरा, ‘ओतागाई नि रेई’, सगळ्यांत घाईने उरकला जातो. पहिल्या दोनांत खालचा वरच्याला वाकतो. तिसऱ्यात सगळे सगळ्यांना, एकाच वेळी, सारखेच वाकतात. काळ्या बेल्टने नुसती मान हलवायची आणि पांढऱ्याने कमरेतून मोडायचे, असा भेद त्यात नाही. जोडीच्या सरावाआधी आणि नंतर हाच नमस्कार होतो. आधीच्याचा अर्थ ‘माझे शरीर तुझ्या हवाली करतो’ एवढा घेतला तरी पुष्कळ झाले. समोरच्याकडे न पाहता, बेल्ट आवळत आवळत केलेला नमस्कार न केल्यात जमा. ड्रेस सारखा करायचा तर बाजूला वळून आधी करावा, मग समोर यावे.

रांगेचे नियमही असेच सोयीतून आलेले. जपानी पद्धतीच्या बहुतेक वर्गांत शिक्षकांकडे तोंड केलेल्या रांगेचे उजवे टोक सीनियरचे आणि डावे नवख्याचे. त्यामुळे नवख्याला उजवीकडे पाहिले की पुढची हालचाल दिसते. उशिरा आलेल्याने कडेला बसून शिक्षकांच्या खुणेची वाट पाहायची, रांगेच्या पुढून न जाता मागून जायचे. हे सगळ्यांना लागू असते. ब्लॅक बेल्टवाला उशिरा येऊन थेट मधे घुसतो तेव्हा वर्गाला तो दर्जाविषयी जे शिकवतो ते तासाभराच्या भाषणाने पुसले जात नाही.

आता खरा मुद्दा, जोडीचा सराव.

ज्युदोत फेकणाऱ्याला तोरी आणि पडणाऱ्याला उके म्हणतात. फेकताना तोरीचा एक हात उकेची बाही धरून असतो, त्याला हिकिते म्हणतात. उके जमिनीला लागत असताना हा हात वर खेचलेला राहिला तर त्याचा खांदा व डोके जोरात आपटत नाही आणि पडणाऱ्याला दुसऱ्या हाताने मॅटवर थाप मारायला वेळ मिळतो. बाही सोडली की उकेचे पडणे पूर्णपणे त्याच्या स्वतःच्या तयारीवर येते, आणि नवख्याकडे तीच नसते. म्हणून सीनियरने ज्युनियरला फेकताना बाही सोडली, तर तंत्र कितीही देखणे असो, त्याने अनादर केला. तो दोन तऱ्हांनी होतो: एक, फेकण्याच्या नशेत, दुसरी, स्वतःचा तोल गेल्यामुळे ज्युनियरच्या अंगावरच कोसळून. दुसरीत बरगड्या जातात.

यात एक डाव वेगळा काढून सांगायला हवा. ओसोतो-गारीमध्ये समोरच्याचा पाय बाहेरून मागे झाडला जातो आणि तो सरळ पाठीवर, मागच्या बाजूला जातो. जपानमध्ये ज्युदोतल्या डोक्याच्या गंभीर दुखापतींचे अभ्यास झाले, तेव्हा त्यांत वीस वर्षांखालच्या नवख्यांचे प्रमाण मोठे निघाले आणि सर्वाधिक वेळा कारण ठरलेला डाव हाच होता. डोके मॅटला लागलेच पाहिजे असेही नाही. मान सैल असेल तर झटक्याने मेंदू कवटीच्या आत फिरतो आणि मेंदूवरच्या आवरणाखालची शीर फाटून रक्तस्राव होतो. म्हणून मागे पडायला शिकवताना ‘हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर’ असे सांगतात. ही सवय अंगात मुरेपर्यंत, म्हणजे उकेला न सांगता हनुवटी आत जाईपर्यंत, सीनियरने त्याच्यावर हा डाव पूर्ण वेगाने घेऊ नये. उचलून तोल घालवावा, पाय लावावा आणि तिथेच थांबावे, किंवा बाही धरून हळू खाली ठेवावे. डोक्याला झटका बसल्यावर डोके दुखणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी पुन्हा मॅटवर जायचे नाही. मळमळ वाढली, झोप येऊ लागली, बोलणे अडखळले तर थेट रुग्णालय.

सीनियरच्या धाकाचा परिणाम इथेच जाणवतो. ‘सरांसमोर कुरकुर करायची नाही’ असे शिकलेला मुलगा डोके दुखतेय हे सांगत नाही, दुसरी फेक खातो. आदर म्हणजे गप्प राहणे, असे ज्या वर्गात ठरते तिथे दुखापत शिक्षकांच्या कानांवर सगळ्यांत शेवटी येते. म्हणून सरावाच्या मधे ‘ठीक आहेस ना?’ हे सीनियरने विचारायचे असते. आणि ‘हो’ या उत्तरावर न थांबता समोरच्याचे डोळे व तोल पाहायचा असतो.

कराटेच्या कुमितेत, म्हणजे जोडीने लढण्याच्या सरावात, प्रश्न अंतराचा असतो. गोहोन किंवा इप्पोन कुमितेसारख्या ठरवून केलेल्या सरावात हल्ला करणाऱ्याचा ठोसा खरोखर पोचेल एवढ्या अंतरावरून निघाला पाहिजे. ज्युनियर घाबरून किंवा ‘आदराने’ सीनियरच्या बाजूला, कानाजवळून ठोसा सोडतो. मग अडवणाऱ्याचा सरावच होत नाही, कारण अडवायला काही येतच नाही. सीनियरने हे तिथल्या तिथे थांबवून ‘इथे मार’ असे सांगायला हवे. उलट बाजूला, सीनियर हल्ला करत असेल तर वेग खालच्या बेल्टने ठरवायचा. ज्युनियरला दहापैकी सात-आठ हल्ले अडवता येतील असा वेग योग्य. दहाच्या दहा लागत असतील तर सीनियर स्वतःची करमणूक करतो आहे. दहाही अडवले जात असतील तर थोडा वाढवावा. मुक्त कुमितेत ‘हलका संपर्क’ हा शब्द प्रत्येकाला वेगळा समजतो, त्यामुळे पहिल्या मिनिटातच तो ठरलेला बरा: चेहऱ्याला त्वचेपर्यंत, अंगाला गीच्या (सरावाच्या ड्रेसच्या) कापडापर्यंत, डोक्याला लाथ नाही. ज्युनियरकडून चुकून जोरात लागले तर सीनियरने परतफेड करायची नाही; थांबायचे, सांगायचे, पुढे चालू. ही परतफेड ‘धडा शिकवणे’ या नावाने होते. तो धडा एकच असतो, की इथे वरच्याला लागले तर खैर नाही. मग ज्युनियर मारायचेच सोडतो.

या बाबतीत सगळ्यांत बेभरवशाची पायरी तपकिरी बेल्टची. हातात सगळी हत्यारे आलेली असतात, काळ्या बेल्टची परीक्षा समोर दिसत असते आणि स्वतःला सिद्ध करायची घाई असते. नवख्या मुलाची जोडी लावताना अनुभवी शिक्षक त्याला बऱ्याचदा तपकिरीऐवजी काळ्याकडे पाठवतात ते यासाठीच.

सीनियरचे काम काय असते हे जपानी तलवारबाजीच्या जुन्या घराण्यांनी फार नेमकेपणाने बांधून ठेवले आहे. तिथल्या जोडीच्या कातांमध्ये (ठरलेल्या हालचालींच्या क्रमांत) उचिदाची आणि शिदाची अशा दोन भूमिका असतात. उचिदाची हल्ला करतो आणि शेवटी हरतो. शिदाची उत्तर देतो आणि जिंकतो. हरणारी भूमिका नेहमी वरिष्ठाची. कारण योग्य अंतरावरून, योग्य क्षणी, खरा पण झेपेल असा हल्ला करणे आणि चूक झाली तरी समोरच्याला इजा न होऊ देणे ज्याला जमते तोच ती निभावू शकतो. केंडोत हीच भूमिका ‘मोतोदाची’ म्हणून आली. सीनियर मानाच्या बाजूला ओळीने उभे राहतात, ज्युनियर त्यांच्यापुढे रांग लावतात. काकारी-गेइकोमध्ये ज्युनियर धापा टाकत सलग हल्ले चढवत राहतो आणि सीनियर क्षणभर मनगट, क्षणभर डोके उघडे देत राहतो. संधी कधी, किती वेळ द्यायची यात त्याचे सारे कौशल्य. ज्युनियरला एकही वार लागू न देणारा मोतोदाची वाईट मोतोदाची समजला जातो. आयकिडोत चार वेळा तंत्र करून भूमिका बदलतात, उजवी-डावी बाजू धरून. सुरुवात बहुधा सीनियर करतो, म्हणजे ज्युनियरला आधी अंगावर घेऊन तंत्र कळते. पण चार झाल्यावर त्यानेही तितक्याच वेळा पडायचे असते. ज्युनियरच्या कच्च्या तंत्राला अडवून ‘हे चालत नाही बघ’ दाखवणे फार सोपे आहे. त्याची दिशा बरोबर असेल तिथे पडणे आणि चुकीची असेल तिथे न पडणे, हे शिकवणे झाले.

ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये सांधे व गळा आवळण्याचे डाव आहेत, त्यामुळे तिथे थाप, म्हणजे ‘हरलो, सोड’ ही खूण, म्हणजे सगळे काही. हाताने, पायाने किंवा तोंडाने दिलेली खूण मिळाली की त्याच क्षणी सोडायचे; ‘नीट ऐकू आली नाही’ ही सबब चालत नाही. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपू शकतो. जुजी-गातामे या कोपर ताणण्याच्या डावात नवख्याला दुखायला लागेपर्यंत सांधा मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो, कारण केव्हा थाप द्यायची हेच त्याला अजून माहीत नसते. म्हणून सीनियरने डाव पूर्ण लावूच नये. पकड बसली, समोरच्याला कळले, की सोडून पुन्हा सुरू. याच कारणासाठी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या स्पर्धा नियमांत गुडघ्यावरचा सरळ आवळ किंवा पाऊल पिळण्याचे डाव प्रौढांमध्ये तपकिरी व काळ्या बेल्टलाच मोकळे आहेत, पांढऱ्याला नाहीत. तोच नियम सरावात मोडून काळ्या बेल्टने पांढऱ्यावर ते डाव लावणे कायदेशीर पळवाटही नव्हे, सरळ आडदांडपणा आहे. पण सीनियरला मिळणारी सवलत आणखी एक आहे आणि तिचा उपयोग फार कमी होतो: त्याने हरायला हरकत नाही. स्वतःहून वाईट स्थितीत जाऊन ज्युनियरला तिथून काम करू देणारा आणि जमले तर त्याला थाप देणारा पर्पल किंवा ब्राउन बेल्ट ज्या वर्गात असतो, तिथले पांढरे बेल्ट लवकर तयार होतात.

काही ठिकाणी खालच्या बेल्टने वरच्याला ‘माझ्याशी खेळता का?’ असे विचारायचेच नाही, असा अलिखित नियम असतो. त्याचे समर्थन असे, की सीनियरला दुखापत असेल, तो दमलेला असेल, त्याला नाही म्हणणे अवघड होते. मला हा नियम निरुपयोगी वाटतो. सीनियरला ‘आज नको’ म्हणता येते. प्रत्येकालाच येते, पांढऱ्या बेल्टलाही, कुणाशीही, कारण न देता. खरी अडचण उलटी आहे. चांगले सीनियर एकमेकांतच खेळत राहतात आणि नवखे नवख्यांच्या गळ्यात पडतात. दोन पांढरे बेल्ट, दोघांनाही जोर किती लावायचा ते माहीत नाही. मॅटवरची ही सगळ्यांत धोक्याची जोडी. दीड तासाच्या वर्गात प्रत्येक सीनियरने दोन फेऱ्या तरी आपल्याहून खालच्यांशी खेळाव्यात, आणि बोलावणे त्याच्याकडून जावे, एवढे शिक्षकांनी ठरवले तर बरेच काही सुधारेल.

ज्युनियरकडून काय हवे हेही सांगायला हवे, नाहीतर पत्र एकांगी होईल. नवख्याचा सगळ्यांत मोठा अनादर त्याच्या बोलण्यात नसतो, त्याच्या आंधळ्या जोरात असतो. ८५ किलोचा पांढरा बेल्ट ५० किलोच्या तपकिरी मुलीशी सराव करताना घाबरून दोन्ही हात ताठ करतो, श्वास रोखतो, कोपरे फेकतो. नाक तिचे फुटते. हात कोपरातून सैल ठेवणे, फेक लागली की अडवत न बसता पडणे (अर्धवट अडवल्यावर गुडघा वळतो, फेकणाऱ्याचाही आणि पडणाऱ्याचाही), एखाद-दुसरेच बोट न पकडणे, थाप लवकर देणे, जुनी दुखापत आधी सांगणे, मोबाइलवर पाहिलेला डाव सीनियरवर करून न बघणे, एवढ्यात बराचसा आदर आला. वजनाचा फरक बेल्टने भरून निघत नाही, हे दोघांनी लक्षात ठेवायचे. आणि ‘समजले’ म्हणण्याआधी तीन-चार वेळा करून पाहायचे, प्रश्न नंतर.

चूक दुरुस्त करण्याच्या बाबतीत वर्गावर्गात रोज खटके उडतात. शिक्षक शिकवत असताना शेजारच्या हिरव्या बेल्टने स्वतःचा वर्ग सुरू करायचा नसतो. दोन-चार महिने पुढे असलेल्याला आपण नुकतेच शिकलेले सांगायची फार हौस असते आणि त्याने सांगितलेले निम्मे अर्धवट असते. सीनियरला शिक्षकांनी जोडी सोपवली असेल तर त्याने सांगावे, पण एका वेळी एकच गोष्ट. पाय, कंबर, खांदा, नजर असे चारही सांगितले तर ज्युनियर चारही विसरतो. बरोबरीच्या बेल्टवाल्यांनी एकमेकांना सूचना देण्याऐवजी शिक्षकांना हात करावा. सीनियरचे सांगणे शिक्षकांच्या सांगण्याशी जुळत नसेल तर ज्युनियरने वाद घालू नये, खरेही मानून चालू नये. ‘सरांना विचारू या’ म्हणावे. हे वाक्य ऐकून ज्याला राग येतो त्याच्याकडे जोडी सोपवणे शिक्षकांनी थांबवावे.

लहान मुले आणि मोठी माणसे एकाच वर्गात आली की दर्जाची गणिते विचित्र होतात. बारा वर्षांची मुलगी तपकिरी बेल्ट, चाळिशीचे गृहस्थ पांढरे. रांगेत ती वर, हे बरोबर. तिच्यासमोर त्यांनी नमस्कार करावा, हेही बरोबर. ती काता दाखवत असेल तर त्यांनी निमूट पाहावे. पण तिने त्यांना शिक्षा म्हणून जोर मारायला लावणे बरोबर नाही, कारण तिचा बेल्ट तंत्राचा आहे, माणसे सांभाळण्याचा नव्हे. मोठ्या संघटनांनी हा फरक मान्य केलेला आहे. तायक्वांदोत कुक्कीवॉन ही मुख्य संस्था १५ वर्षांखालच्यांना दानऐवजी ‘पूम’ देते, त्यांचा बेल्ट लाल-काळा असतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूत निळा बेल्ट १६ वर्षांआधी आणि काळा १९ वर्षांआधी मिळत नाही. जिथे दहा वर्षांच्या मुलाला पूर्ण काळा बेल्ट दिला जातो तिथे पालकांनी टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण दुसऱ्यांच्या मुलांचा वर्ग त्याच्या हाती देऊ नये.

एका विद्येतला दर्जा दुसरीत चालत नाही, हेही इथेच. दुसऱ्या शाळेत पाहुणे म्हणून गेलेल्याने कोणता बेल्ट बांधू असे आधी विचारावे. शंका असेल तर पांढरा. आणि पांढऱ्या बेल्टखाली लपलेला ज्युदोतला दुसरी दानवाला समोर आहे हे जोडीदाराला माहीत असले पाहिजे. नम्रता म्हणून ते न सांगणे म्हणजे त्याची फसवणूक.

सीनियरच्या शब्दाला मर्यादा कुठे? मॅटवरच्या सरावापुरती, आणि तीही शिक्षकांनी नेमून दिलेल्या कामापुरती. सीनियरचा ड्रेस धुणे, पाय चेपणे, वर्गाबाहेर एकट्याने भेटायला येणे, रात्री-अपरात्री मेसेजला उत्तर देणे यांतले काहीही ‘परंपरा’ नाही. मॅट झाडणे मात्र परंपरा आहे, आणि झाडू सगळ्यांत आधी वरच्या बेल्टच्या हातात हवा. दर्जाच्या नावाखाली काय खपवले जाते याचे उदाहरण खुद्द ज्युदोच्या मायदेशात जगाने पाहिले. २०१३ च्या जानेवारीत उघड झाले, की जपानच्या राष्ट्रीय पातळीवरच्या १५ महिला ज्युदोपटूंनी प्रशिक्षकांकडून होणाऱ्या मारहाणीची व शिवीगाळीची तक्रार केली होती. मुख्य प्रशिक्षकांना पायउतार व्हावे लागले. एवढ्या वरच्या पातळीवरच्या खेळाडूंनाही एकत्र येऊन, संघटनेबाहेर दाद मागावी लागली. आठ वर्षांच्या पिवळ्या बेल्टकडून आपण होऊन बोलण्याची अपेक्षा कशी करायची? म्हणून तक्रार कुणाकडे करायची त्या व्यक्तीचे नाव प्रवेशाच्या दिवशीच सांगितले जावे, आणि ती व्यक्ती मुख्य शिक्षकांहून वेगळी असावी. मुलांबरोबर कोणताही सीनियर बंद खोलीत एकटा नसावा. दुसरा मोठा माणूस दिसेल एवढ्या अंतरावर हवा.

वर्गातला आदर खरा की देखाव्याचा, हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. पांढऱ्या बेल्टला काळ्या बेल्टला ‘तुमची नखे वाढली आहेत’ असे सांगता येते का? वाढलेल्या नखांनी डोळ्याला, मानेला ओरखडे येतात; न धुतलेल्या गीतून आणि मॅटवरून गजकर्ण एकाकडून दहा जणांकडे जाते. हातावर गोल लाल चट्टा दिसत असताना केवळ तो सीनियरचा आहे म्हणून सगळे गप्प बसले, तर पंधरा दिवसांनी अर्धा वर्ग मलम लावत बसतो. (बेल्ट धुतला की त्यातली विद्या जाते, ही समजूत ज्याने काढली त्याला घामाचा वास येत नसावा. बेल्टही धुवावा.)

शेवटी शिक्षकांना एक सूचना. बेल्टच्या परीक्षेत मूलभूत तंत्र, काता आणि कुमिते किंवा रांदोरी (ज्युदोतला मुक्त सराव) यांना गुण असतात. हिरव्याच्या पुढच्या प्रत्येक परीक्षेत ‘जोडीदार’ असा चौथा रकाना घालावा. ज्युदोत परीक्षार्थीला दोन पायऱ्या खालच्या उकेवर दहा फेका करायला लावाव्यात आणि किती वेळा बाही शेवटपर्यंत धरली ते मोजावे. आठपेक्षा कमी असेल तर नापास. कराटे-तायक्वांदोत नवख्यावर वीस हल्ले, वेग नवख्याला झेपेल असा, एकही चेहऱ्याला न लागणारा. त्यानंतर परीक्षार्थीला बाहेर पाठवून त्या नवख्याला परीक्षकांनी एकच विचारावे: ‘याच्याशी पुन्हा सराव करशील?’ उत्तर ‘नाही’ आले तर कारण ऐकून घ्यावे आणि परीक्षा तीन महिने पुढे ढकलावी. परीक्षार्थीला हे कोणामुळे झाले ते सांगू नये, आणि त्याला ओळखता येऊ नये म्हणून परीक्षेत असे नवखे किमान तीन तरी असावेत.

आपला नम्र,
एक मार्शल आर्ट्स प्रशिक्षक